गुणफलक असताना परीक्षक कशाला?

आपल्या गोव्यात नाट्यस्पर्धेचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवसापासून दुसरी स्पर्धा सुरू होते. ती रंगते देवळाच्या पायऱ्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर. परीक्षक कोण होते, त्यातल्या कोणाला डुलकी लागली होती, कोण कोणाचा पाहुणा, नेपथ्याचं बक्षीस भलत्यालाच कसं गेलं... या स्पर्धेला प्रवेश फी नाही, त्यामुळे मीही दरवर्षी हिरीरीने भाग घेतो. पण भांडून भांडून दमल्यावर एक गोष्ट सगळेच मान्य करतात. नाटकाला परीक्षक लागतोच. नाटकात गोल होत नाही. कोणीतरी जाणत्याने बसून बघायचं आणि ठरवायचं, दुसरा उपाय नाही.

फुटबॉलचं तसं नाही. म्हापशाचं मैदान असो की फातोर्ड्याचं, नव्वद मिनिटं संपली की फलकावर काय लिहिलंय ते आंधळ्यालाही सांगता येतं. निदान मला तरी असंच वाटत होतं.

३ डिसेंबर २०२३. सायबाचं फेस्त आणि नेमका रविवार. एक हक्काची सुट्टी रविवारात बुडाली या दुःखात (हे दुःख फक्त सरकारी नोकरालाच कळेल) मी झोपायच्या तयारीत होतो. रात्री अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. माझा भाचा. तो तेव्हा अमेरिकेत टॅलाहासीला, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शिकत होता. आवाज असा, की मला वाटलं काहीतरी बरंवाईट झालं.

"मामा, तेरा मॅची खेळलो. तेराच्या तेरा जिंकलो. तरी आम्हाला बाहेर काढलं!"

"कोणी काढलं? हरलात कुठे?"

"हरलोच नाही, मामा. कमिटीने काढलं."

कमिटी! हा शब्द ऐकला आणि माझी झोप उडाली. गेली वीसेक वर्षं मी ज्या टेबलावर बसतो, तिथे या शब्दाशी माझा रोजचा संबंध आहे. त्या रात्रीपासून मी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. खेळाचे नियम मला अजून पुरते कळलेले नाहीत, पण कमिटीचे कळतात.

तर मंडळी, हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, आडवं पाडायचं, असा तो खेळ. गंमत म्हणजे ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला आणि जो या खेळाचा पहिला कॉलेज सामना मानला जातो, तो आपल्या फुटबॉलच्या जास्त जवळचा होता. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायला मनाई. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. पुढे खेळ बदलत गेला, पण कॉलेजांचा तो अभिमान मात्र वाढतच गेला.

अडचण आहे ती संख्येची. आज तिथे वरच्या श्रेणीत १३०हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. खेळ इतका अंगमेहनतीचा, की आठवड्याला एकच सामना, मोसमात साधारण बाराच. आपल्या लीगसारखं सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं, तर एक मोसम संपायला दोन-अडीच वर्षं लागतील. म्हणून संघ आपापल्या गटात, ज्याला ते कॉन्फरन्स म्हणतात, त्यात खेळतात. कोणता गट बलाढ्य, कोणता कच्चा. मग या गटातला बारा जिंकलेला संघ थोर, की त्या गटातला अकरा जिंकलेला? समोरासमोर खेळलेच नाहीत, तर सांगायचं कसं?

सुरुवातीला हे सांगायची कोणाला निकड नव्हती. कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावी नववर्षाला मिरवणूक निघते. आपल्याकडे शिगम्याचे चित्ररथ निघतात, तसे तिथे फुलांनी मढवलेले रथ. त्या उत्सवाच्या जोडीला १ जानेवारी १९०२ रोजी एक फुटबॉल सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. सामना इतका एकतर्फी झाला, की आयोजकांनी फुटबॉलचा नाद सोडला आणि पुढे काही वर्षं त्याऐवजी चक्क रथांच्या शर्यती लावल्या! १९१६ साली फुटबॉल परत आला. पुढे तिथे वाडग्याच्या आकाराचं मैदान बांधलं आणि सामन्याचं नाव पडलं रोझ बाउल. मग ठिकठिकाणी असे 'बाउल' निघाले. कोणाला बोलवायचं ते यजमान ठरवायचे आणि आपापल्या गटांशी करार करायचे. म्हणजे मुळात ही बक्षिसाची सहल होती. अजिंक्यपद ठरवायला ती कोणी काढलेली नव्हती.

पण लोकांना अजिंक्यवीर हवा असतो. १९३६पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशभरच्या पत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी लावू लागली. १९५०पासून प्रशिक्षकांच्या मतांची वेगळी यादी आली. मोसमाअखेर यादीत जो वर, तो देशाचा विजेता. म्हणजे मैदानावरच्या खेळाचा निकाल टपालाने आणि तारेने! शिवाय बरीच वर्षं ही शेवटची यादी बाउल सामन्यांच्या आधीच लागत असे. परीक्षेआधी निकाल.

या पद्धतीचे बळी पुष्कळ. १९६६ साली नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांच्यात १०-१० अशी बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटांत चेंडू नोटर डेमकडे होता, पण धोका न पत्करता त्यांनी वेळ काढली. त्याच मोसमात अलाबामाने आपले सगळे सामने जिंकले होते आणि त्याआधीच्या दोन्ही वर्षी तेच विजेते होते. तरी यादीत नोटर डेम पहिलं, मिशिगन स्टेट दुसरं आणि अलाबामा तिसरं. अलाबामाच्या संघात त्या काळी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि ते अलाबामा त्या वर्षांत देशभर कशासाठी बदनाम होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मतदारांच्या मनात ते होतं का, यावर तिथे अजून वाद घालतात. मत म्हटलं की मन आलं, आणि मनात काय असतं ते कोणत्याही नोंदीत येत नाही.

१९६९ साली तर कहर झाला. टेक्ससने आर्कान्सावर १५-१४ अशी मात केली. सामना बघायला खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते. त्यांनी टेक्ससला क्रमांक एकचा संघ म्हणून मानपत्र देऊन टाकलं! तिकडे पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटचा संघ लागोपाठ दुसऱ्या मोसमात अपराजित होता. त्याचं काय, ते राष्ट्राध्यक्षांना विचारणार कोण? आपल्याकडे मंत्री उद्घाटनाला येतात तेव्हा निदान निकाल जाहीर करून जात नाहीत.

१९९० आणि १९९१ या दोन्ही वर्षी पत्रकारांचा विजेता वेगळा आणि प्रशिक्षकांचा वेगळा. १९९७ला पुन्हा तेच, मिशिगन आणि नेब्रास्का. दोघे अपराजित, पण मिशिगन कराराने रोझ बाउलला बांधलेलं, त्यामुळे दोघांची गाठच पडली नाही. शेवटी १९९८ साली तोडगा निघाला. पत्रकार-प्रशिक्षकांची मतं आणि संगणकांचं गणित एकत्र करायचं, आणि पहिल्या दोघांचा अंतिम सामना लावायचा. याचं नाव बीसीएस.

संगणक आला म्हणजे न्याय आला, असं आपल्या खात्यातही एकेकाळी सगळ्यांना वाटलं होतं. पण संगणकाला काय विचारायचं ते माणूसच ठरवतो. २००० साली मायामीने फ्लोरिडा स्टेटला २७-२४ हरवलं होतं, दोघांचा एकेकच पराभव, तरी अंतिम सामन्याला गेलं फ्लोरिडा स्टेट! (हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प झाला.) २००१ला नेब्रास्का आपला शेवटचा साखळी सामना ६२-३६ असा हरूनही अंतिम फेरीत पोचलं आणि तिथेही हरलं. २००३ला पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिलं असलेलं सदर्न कॅलिफोर्निया बाहेर राहिलं. २००४ला ऑबर्नने एकही सामना हरला नाही, पण आणखी दोन अपराजित संघ यादीत वर होते म्हणून त्याला दार बंद. दर वर्षी तक्रार आली की सूत्र बदलायचं. आणि बदललेलं सूत्र मागच्या वर्षीच्या तक्रारीचं उत्तर असायचं, पुढच्या वर्षीच्या प्रश्नाचं नव्हे.

मग २०१४ साली चार संघांची बाद फेरी आली आणि तिच्यासोबत आली १३ जणांची निवड समिती. संगणकाला निरोप, जाणत्या माणसांना निमंत्रण. पहिल्याच वर्षी टीसीयूचा संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. शेवटचा सामना त्याने ५५-३ असा जिंकला, आणि जिंकून सहाव्या क्रमांकावर घसरला! चौथी जागा मिळाली ओहायो स्टेटला. त्यांचा पहिला आणि दुसरा, दोन्ही क्वार्टरबॅक जखमी होते. (क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधारच, सगळा डाव त्याच्या हातून चालतो.) तिसऱ्या मुलाला उभं केलं. त्याने गटाचा अंतिम सामना ५९-० जिंकून दिला, मग अलाबामाला हरवलं आणि शेवटी ओरेगॉनला ४२-२० हरवून अजिंक्यपद आणलं. हा तिसरा मुलगा लक्षात ठेवा.

२०१७ला सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहिलं, पण गट छोटा म्हणून समितीने त्याला पहिल्या दहांतही धरलं नाही. त्यांनी नंतरच्या बाउल सामन्यात ऑबर्नला हरवलं, त्याच ऑबर्नला ज्याने त्या मोसमात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम फेरीवाल्यांना हरवलं होतं. शेवटी सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःच स्वतःला विजेता जाहीर केलं आणि मिरवणूकही काढली. हसू येतं, पण दुसरं करणार काय?

आता भाच्याच्या संघाकडे येतो. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्याच्याशिवाय संघाने पुढचे दोन्ही सामने जिंकले. गटाच्या अंतिम सामन्यात तर तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा मुलगा खेळला, आणि संघ १६-६ जिंकला. तेरापैकी तेरा, गटाचं विजेतेपद. तरी समितीने त्याला पाचवं ठेवलं आणि एकेक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामा आत घेतले. कारण सांगितलं ते असं, की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही. पाय मोडलेल्या त्या मुलाने लिहिलं, की माझा पाय मोसमात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे माझ्याशिवायही हा संघ काय आहे ते दिसलं असतं. त्याचा काय दोष?

समितीची बाजूही सांगायला हवी. अलाबामाने जॉर्जियाला हरवलं होतं, तेही २९ सामने सलग जिंकलेल्या जॉर्जियाला. आणि समितीने नियम मोडला असंही नाही. प्रमुख खेळाडू नसल्याचा पुढच्या कामगिरीवर काय परिणाम होईल ते विचारात घ्यावं, असं त्यांच्या कार्यपद्धतीत लेखी होतं. पुढे बाउल सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं चिरडलं, तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, बघा, समिती बरोबर होती. पण अपमानित झालेल्या त्या संघातले कितीतरी मुख्य खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. दार बंद करायचं आणि मग म्हणायचं, तो आत आलाच नाही.

भाच्याच्या त्या फोनने माझी झोप का उडवली, ते आता सांगतो. ही गोष्ट मी घरीही कधी सांगितलेली नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयात खात्यांतर्गत बढतीच्या फाईलवर मी काम करत होतो. परीक्षा झाली होती, गुणांची यादी तयार होती. यादीत पहिला होता एक शिपाई. वय बरंच झालेलं, रात्री अभ्यास करून पास झालेला. समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, त्याच्या पायाचं ऑपरेशन झालंय, कारकुनाच्या कामाची धावपळ त्याला जमेल का? दुसरं कोणीतरी म्हणालं, खरं आहे. निर्णय पाच मिनिटांत झाला. मग मला सांगितलं, "इतिवृत्तात नीट शब्दांत बसवा." मी बसवले. मराठीचा पदवीधर ना मी! 'पदाच्या भावी गरजा विचारात घेता' असं सुरू होणारं ते वाक्य माझं आहे. समितीने सही केली, पण शब्द माझे.

आठवड्याने तो माझ्या टेबलाशी आला. हळूच विचारलं, "भाऊ, म्हजे मार्क उणे पडले?"

मार्क कमी पडले नव्हते. मी कागद चाळल्यासारखं केलं आणि म्हटलं, वरून आलंय. तो "बरें" म्हणाला आणि गेला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी मला जे कळलं तेच हा अमेरिकेतला इतिहास वाचताना पुन्हा कळलं. माणसाने काय केलं हे समितीला मोजता येतं. तो पुढे काय करील हे समितीला माहीत नसतं, ती फक्त तसं लिहू शकते. आणि एकदा का भविष्य कारण म्हणून लिहायला परवानगी मिळाली, की कोणालाही बाहेर ठेवता येतं. २०१४चा तो तिसरा मुलगा कोणाच्या अंदाजात होता? २०२३चा तिसरा मुलगा निव्वळ अंदाजाने बाद झाला.

२०२४पासून फेरी बारा संघांची झाली. २०२४ आणि २०२५ला गटविजेत्यांपैकी क्रमवारीत सर्वांत वरच्या पाच जणांना हक्काची जागा होती, बाकीच्या सात समितीने निवडल्या. मला ही सुधारणा मोठी वाटते, कारण छोट्या गटातल्या संघालाही आता मोसमाच्या पहिल्या दिवशी माहीत असतं की एक रस्ता असा आहे, ज्यावर जिंकत गेलं तर पोचता येतं. पण उरलेल्या सात जागांचा तिढा उरलाच. २०२५ला नोटर डेम आणि मायामी यांचे दोन-दोन पराभव. पहिल्याच आठवड्यात मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलेलं. तरी नोव्हेंबरभर दर आठवड्याच्या यादीत नोटर डेम वर! शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीच खेळलं नाही, आणि अंतिम यादीत मायामी अचानक वर, नोटर डेम बाहेर. समितीचं म्हणणं, दोघे यादीत शेजारी आले तेव्हा कुठे आपसातला सामना बघितला. माझ्या मते निकाल बरोबर लागला, पण तो ऑगस्टमध्येच मैदानावर लागलेला होता. तो महिनाभर दडवून टीव्हीवर दर आठवड्याला वेगळी आशा का विकली? पुढे मायामी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि जानेवारी २०२६मध्ये इंडियानाकडून २७-२१ अशी हरली. काठावरून आत घेतलेला संघ कुठवर जाईल, हे कोणाला सांगता आलं असतं?

मग निवड व्हावी कशी? मला विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही!) चारच गोष्टी. एक, जास्तीत जास्त जागा मैदानावर मिळवता याव्यात, गट जिंकला की जागा नक्की. दोन, उरलेल्या जागांसाठी कसोट्या आणि त्यांचा क्रम मोसमाआधी छापून द्यावा: किती जिंकले, कोणाविरुद्ध, आणि दोघे समोरासमोर खेळले असतील तर त्या सामन्याचा मान पहिला. तीन, पुढे काय होईल हा विचार कार्यपद्धतीतून खोडून टाकावा. दुखापत झाल्यावर संघ कसा खेळला ते बघा, कसा खेळेल ते बघू नका. आणि चार, यादी एकदाच, मोसम संपल्यावर, कारणांसह आणि अपिलाची सोय ठेवून.

हे अपील महत्त्वाचं. २०२५च्या एप्रिलमध्ये आपल्या चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचे विजेते म्हणून करंडक मिळाला आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. गोयंकार म्हणून मला ते झोंबलं, अजून झोंबतं. पण तिथे वाद एका लेखी नियमाचा होता, दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. टॅलाहासीच्या मुलांना तसं एकही दार नव्हतं. त्या शिपायालाही नव्हतं, त्याच्यापुढे फक्त माझं टेबल होतं.

भाचा आता शिकून नोकरीला लागलाय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, बारा संघांची फेरी तेव्हा असती तर आम्ही आत असतो." असता बाबा, नक्की असता.

नाट्यस्पर्धेच्या निकालावर आपण भांडत राहू, त्यात मजा आहे. पण जिथे गुणफलक आहे, तिथे आधी तो वाचावा. आता कुठलंही इतिवृत्त लिहायला घेतलं, की मी गुणांचा रकाना आधी भरतो, आणि 'भावी' हा शब्द कोणी सांगितला, तर विचारतो, "साहेब, हे कोणाच्या नावावर लिहू?" बहुतेक वेळा तो शब्द मग गळून पडतो.